वणवा विझवणारे पाणी घेऊन जात नाहीत

टीव्हीवर अमेरिकेतल्या किंवा ऑस्ट्रेलियातल्या वणव्याची बातमी लागली की एक दृश्य हमखास दिसतं. धुरातून विमान येतं, पोटातून लालभडक द्रावण सोडतं आणि निघून जातं. बघणाऱ्याला वाटतं, झालं काम. पण ते लाल द्रावण आग विझवण्यासाठी नसतंच. गवता-झाडांवर त्याचा थर बसला की आगीचा वेग काही काळ मंदावतो, एवढंच. त्या मिळालेल्या वेळात खरं काम करायला माणसं लागतात. ती पायी येतात, आणि त्यांच्याकडे पाण्याचा पाइप असेलच असं नाही. रस्त्यापासून काही किलोमीटर आत, डोंगराच्या कुशीत, पाण्याचा बंब जाणार कुठून? त्यांच्या हातात कुदळी, खरवडायची अवजारं आणि करवती असतात.

या माणसांचा धोका समजून घ्यायचा तर आधी त्यांचं काम समजून घ्यायला हवं, कारण धोका त्या कामाच्या पद्धतीतच आहे.

आगीला तीन गोष्टी लागतात: उष्णता, प्राणवायू आणि जळण. इमारतीच्या आगीत पाणी मारून उष्णता काढून घेता येते. हजारो एकरांच्या जंगलात ते शक्य नाही, आणि हवा तर कोणाच्याच हातात नाही. उरतं जळण. म्हणून वणव्याच्या वाटेत एक पट्टा साफ करायचा: झुडपं तोडायची, फांद्या बाजूला फेकायच्या, गवत, पाला, मुळं सगळं खरवडून खालची निव्वळ माती उघडी करायची. आग तिथवर आली की पुढे खायला काही नाही, म्हणून थांबते. आपल्या वनखात्यात याला जाळरेषा म्हणतात. फरक एवढाच की आपल्याकडे जाळरेषा बहुतेक वेळा उन्हाळ्याआधी, निवांतपणे काढल्या जातात. वणवा पेटल्यावर ही रेषा आगीच्या शेजारी, तिच्या वेगाशी स्पर्धा करत काढावी लागते.

अमेरिकेत या कामासाठी जी सर्वांत तरबेज पथकं आहेत त्यांना हॉटशॉट म्हणतात. एका पथकात साधारण २० जण. पुढे करवतवाले झाडं-झुडपं कापत जातात, त्यांच्या मागे कुदळवाले, शेवटी जमीन खरवडणारे. रेषेची सुरुवात अशा जागेपासून करायची जिथून आग मागून येऊच शकणार नाही, म्हणजे रस्ता, उघडा खडक किंवा आधीच जळून गेलेली जमीन. कधी कधी रेषा आणि वणवा यांच्यामधला पट्टा पथक स्वतःच पेटवून देतं, म्हणजे वणवा येईपर्यंत तिथलं जळण संपलेलं असतं. दिवसाला १६ तासांपर्यंत काम, सलग १४ दिवस, मग दोन-तीन दिवस विश्रांती आणि पुन्हा दुसरी आग. भरतीच्या चाचणीत २० किलोंचं ओझं पाठीवर घेऊन ४.८ किलोमीटर अंतर ४५ मिनिटांत चालून दाखवावं लागतं. तेही सपाटीवर. डोंगर नंतर येतो.

थोडक्यात, वणव्यात काम करणारा माणूस आग आणि न जळलेलं जंगल यांच्या मध्ये किंवा अगदी कडेला, उघड्यावर उभा असतो. आग ठरल्याप्रमाणे वागली तर तो सुरक्षित. नाही वागली तर पायांशिवाय त्याच्याकडे दुसरं साधन नाही.

आग ठरल्याप्रमाणे का वागत नाही? एक काडी पेटवून तिचं पेटलेलं टोक खाली धरा. क्षणात ज्योत बोटांपर्यंत येते. टोक वर धरलं तर तीच काडी सावकाश जळते. डोंगरउतारावर हेच घडतं. खालून वर चढणाऱ्या आगीच्या ज्वाळा पुढच्या गवतावर झुकतात, ते पोचण्याआधीच वाळवतात, तापवतात आणि मग एकदम भडकवतात. उतार दर १० अंशांनी वाढला की आगीचा चढायचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ऑस्ट्रेलियातला एक ढोबळ नियम आहे. २० अंशांच्या उतारावर चौपट, ३० अंशांवर आठपट. माणसाचं नेमकं उलट असतं. चढ जितका तीव्र तितका तो हळू. त्यात पाठीवर ओझं.

दुसरं, जळण. मोठ्या झाडांची आग भयंकर दिसते, पण बेसावध गाठते ती गवत आणि झुडपांची आग. बारीक जळण झटकन वाळतं आणि वाऱ्याची दिशा बदलली की त्यातली आग लगेच तिकडे वळते. तिसरा, वारा. वाऱ्याने दिशा बदलली तर आगीची जी लांबलचक बाजू इतका वेळ शांतपणे धुमसत होती, तीच आता आगीचं तोंड होते.

१९७० च्या दशकात कार्ल विल्सन या अमेरिकी संशोधकाने वणव्यातल्या जीवघेण्या दुर्घटना एकत्र मांडून पाहिल्या. त्याला जे दिसलं ते अंदाजाच्या उलट होतं. माणसं बहुधा अक्राळविक्राळ आगींत मेलेली नव्हती. ती मेली होती छोट्या आगींत, किंवा मोठ्या आगीच्या शांत वाटणाऱ्या कोपऱ्यात. जळण हलकं होतं. वारा अचानक वळला होता. आणि आग चढाच्या दिशेने धावली होती. माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची माहिती हीच. भीती वाटावी अशा जागी माणूस सावध असतोच. जीव जातो तो 'आता फारसं काही नाही' असं वाटत असताना.

अ‍ॅरिझोनातल्या यार्नेल गावाजवळची आग नेमकी अशी होती.

२८ जून २०१३ च्या संध्याकाळी गावाजवळच्या डोंगरावर वीज पडून खडकाळ भागात एक लहानशी आग लागली. त्या डोंगरावरचं दाट, काटेरी, तेलकट झुडुप १९६६ नंतर जळलेलं नव्हतं, आणि दुष्काळामुळे ते पार वाळलं होतं. दोन दिवसांत आग पसरली. ३० तारखेला सकाळी ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्स हे पथक तिथे पोचलं. जवळच्या प्रेस्कॉट शहराच्या अग्निशमन विभागाचं हे पथक. बाकीची बहुतेक हॉटशॉट पथकं केंद्र सरकारच्या खात्यांची, हे मात्र नगरपालिकेचं. वीस जण, बहुतेक विशीतले.

त्यांनी सगळं पुस्तकात सांगितल्याप्रमाणे सुरू केलं. आगीच्या शेपटाकडून, जळून गेलेल्या भागाच्या आधाराने रेषा काढायला घेतली. एकाला टेहळणीसाठी लांबच्या उंचवट्यावर बसवलं. आग तेव्हा त्यांच्यापासून दूर, ईशान्येकडे चालली होती. दुपारी उत्तरेकडे वादळी ढग जमले. अशा ढगांतून पाऊस कोसळू लागला की त्याबरोबर थंड, जड हवा खाली आदळते आणि जमिनीवरून चारही दिशांना सुसाट पसरते. हवामान खात्याने या वाऱ्याची सूचना दिली होती आणि ती पथकाच्या प्रमुखांपर्यंत पोचली होती. चारच्या सुमारास वारा वळला आणि आगीने गावाकडे तोंड फिरवलं. टेहळ्याची जागाच धोक्यात आल्यामुळे तो तिथून निघाला. दुसऱ्या पथकाच्या प्रमुखाने त्याला गाडीत घेतलं. वीस जणांपैकी जिवंत राहिला तो एवढाच.

बाकीचे १९ तेव्हा डोंगरमाथ्यावर, जळून गेलेल्या जमिनीवर होते. वणव्यात काळ्या जमिनीइतकी सुरक्षित जागा नाही, कारण एकदा जळलेलं पुन्हा जळत नाही. तिथून ते निघाले आणि खालच्या एका रँचकडे, म्हणजे गुरांच्या शेतवाडीकडे, जायला लागले. आजूबाजूची जागा साफ असल्यामुळे ती रँच सुरक्षित ठरवलेली होती. शिवाय तिथून गावाच्या बाजूला मदतीला जाता आलं असतं. वाट मात्र तीन बाजूंनी चढ असलेल्या खोलगट दरीतून, डोक्याएवढ्या न जळलेल्या झुडपांतून होती. खाली उतरताना मधल्या उंचवट्यामुळे आग त्यांना दिसेनाशी झाली. त्याच वेळात आगीने वळसा घालून दरीचं तोंड गाठलं. रँच तेव्हा साधारण ५५० मीटरवर होती. आग ताशी १६ ते १९ किलोमीटर वेगाने येत होती, आणि तयारीला त्यांच्याकडे दोन मिनिटंही नव्हती. करवतीने जमेल तेवढी जागा साफ करून, आसपासचं पेटवायचा प्रयत्न करून ते आगीपासून बचावाच्या आच्छादनांत शिरले. वर एक अवाढव्य टँकर विमान द्रावण घेऊन घिरट्या घालत होतं. धुरामुळे खाली माणसं नेमकी कुठे आहेत ते कळलंच नाही.

ते काळ्या जमिनीवरून का निघाले? या प्रश्नावर अमेरिकेत भरपूर लिहून झालंय. संध्याकाळी चार ते साडेचारच्या दरम्यान पथकाच्या हालचालींविषयी रेडिओवर जवळजवळ काहीच बोलणं नाही, आणि ज्यांना उत्तर माहीत होतं ते कोणी परतले नाहीत. राज्याच्या वनविभागाने नेमलेल्या चौकशीला निष्काळजीपणा आढळला नाही. कामगार-सुरक्षा विभागाने मात्र घरं-मालमत्ता वाचवण्याला माणसांच्या जिवापेक्षा वरचं स्थान दिलं गेलं असा ठपका ठेवला आणि वनविभागाला ५ लाख ५९ हजार डॉलरचा दंड सुचवला. मला दुसरं म्हणणं अधिक पटतं. पण खुर्चीत बसून नकाशा वरून बघणाऱ्याला जी दरी सापळा दिसते, ती तिथे उतरणाऱ्याला फक्त जवळची वाट दिसते, हेही तितकंच खरं.

१९३३ मध्ये लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये मंदीच्या काळातल्या रोजगार योजनेवरचे किमान २९ मजूर वणव्यात गेले होते. त्यानंतर यार्नेलपर्यंत अमेरिकेत वणव्याशी झुंजताना १९ माणसं एकाच वेळी कधी गेली नव्हती.

त्या आच्छादनाविषयी थोडं सांगायला हवं, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. त्याला फायर शेल्टर म्हणतात. घडी करून कमरेला लावायचा, साधारण दोन किलो वजनाचा, अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ वर्खाचा आणि काचतंतूंच्या कापडाचा छोटा तंबू. जमिनीवर पालथं पडून तो अंगावर ओढायचा आणि कडा हातापायांनी दाबून धरायच्या. चेहरा मातीत खुपसायचा, कारण जमिनीलगत हवा थोडी थंड असते, आणि अशा वेळी तापलेल्या हवेच्या एका श्वासाने श्वासनलिका भाजली तरी माणूस संपतो. आगीची जी झळ लांबून येते, तिचा बहुतांश भाग हे आच्छादन परतवून लावतं. १९७७ पासून ते जवळ बाळगणं अमेरिकेत सक्तीचं आहे आणि त्याने ३०० हून अधिक जणांचे जीव वाचवलेत. पण थेट ज्वाळा टेकल्या की गोष्ट बदलते. थर चिकटवणारा गोंद साधारण २६० अंश सेल्सिअसला सुटू लागतो, अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. यार्नेलच्या दरीत तापमान १,००० अंशांच्या वर गेलं होतं.

म्हणूनच जाणकार सांगतात की शेल्टर हा बेत नव्हे. बेत चार गोष्टींचा. एक टेहळ्या, जो स्वतः काम न करता फक्त आगीकडे बघतो. सगळ्यांशी तुटणार नाही असा संपर्क. पळायच्या वाटा, त्याही एकीपेक्षा जास्त. आणि त्या वाटांच्या शेवटी खरोखर सुरक्षित जागा. पॉल ग्लीसन या हॉटशॉट प्रमुखाने ही चौकट १९९१ मध्ये मांडली. त्याआधीही नियम होतेच. मोंटाना राज्यातल्या मान गल्च इथे ५ ऑगस्ट १९४९ ला विमानातून पॅराशूटने उतरलेल्या पथकातले १२ जण आणि त्यांना येऊन मिळालेला एक वनपहारेकरी अशा १३ जणांचा गवताच्या चढावर आगीने बळी घेतला. त्या आणि तशा इतर दुर्घटनांनंतर १९५७ मध्ये दहा आज्ञांची यादी झाली. आजही प्रत्येकाला ती पाठ असावी लागते.

मान गल्चमधली एक गोष्ट मला विलक्षण वाटते. आग मागून येत असताना पथकाचा प्रमुख वॅग डॉज पळायचा थांबला. त्याने काडी ओढली, समोरचं गवत पेटवलं आणि ते जळून गेल्यावर त्या गरम राखेत पालथा पडला. बाकीच्यांना हाका मारल्या, पण कोणी आलं नाही. मागे आग असताना पुढे आणखी आग लावणारा माणूस त्यांना वेडाच वाटला असणार. मुख्य आग डॉजला वळसा घालून गेली आणि तो वाचला. त्याने अवजारं टाकून द्या असंही सांगितलं होतं. हे सोपं वाटतं, पण नाही. १९९४ मध्ये कोलोरॅडोतल्या स्टॉर्म किंग डोंगरावर १४ जण गेले, तेव्हाही काहींच्या जवळ अवजारं तशीच सापडली. हातातली करवत म्हणजे आपलं काम, आपली ओळख. ती टाकणं म्हणजे हरलो हे कबूल करणं, आणि ते कबूल करायला लागणारी काही सेकंदंच नेमकी कमी पडतात. आता प्रशिक्षणात ओझं टाकून पळण्याचाही सराव करून घेतात.

ज्वाळांत सापडून होणारे मृत्यू बातमीत येतात. बाकीचे येत नाहीत. अमेरिकेतल्या नोंदींत हृदयविकार, वाहनांचे अपघात आणि विमान-हेलिकॉप्टरचे अपघात ही तितकीच मोठी कारणं आहेत. जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांवर द्रावण टाकणारं एक टँकर विमान कोसळलं, त्यातले तिन्ही कर्मचारी अमेरिकेतून मदतीला आलेले होते. आग पुढे गेल्यावरही जंगल सुरक्षित नसतं. आतून जळून पोकळ झालेलं झाड वारा नसतानाही, आवाज न करता कोसळतं. जमिनीखाली जळत गेलेल्या मुळांच्या जागी राखेने झाकलेले निखाऱ्यांचे खड्डे असतात, त्यात पाय जातो. उन्हात दिवसभर राबताना दिवसाला ४,००० ते ६,००० कॅलरी खर्च होतात. अति श्रमाने स्नायू फुटून त्यांचा मळ रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

आणि धूर. शहरातला जवान जळत्या घरात शिरताना पाठीवर हवेचा सिलिंडर घेतो. तो अर्धा-पाऊण तास पुरतो, तेवढ्यात त्याचं काम होतं. सोळा तास डोंगरात राबणाऱ्याला कुठला सिलिंडर पुरणार? वर्षानुवर्षं ही माणसं तोंडाला रुमाल बांधून काम करत आली, आणि रुमाल धुरातले बारीक कण अडवत नाही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशमनाचं काम हेच कर्करोगाचं सिद्ध कारण म्हणून पहिल्या गटात टाकलं. तंबाखू त्याच गटात आहे.

एवढं सगळं करणारी माणसं कोण असतात? अमेरिकेत केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या या जवानांचं अधिकृत पद कितीतरी वर्षं 'वन तंत्रज्ञ' असं होतं. पदात आगीचा उल्लेखही नव्हता. २०२१ पर्यंत नव्याने लागलेल्याला तासाला १३ डॉलरच्या आसपास मिळत. तेव्हा तो दर १५ वर नेला, मग तात्पुरती वाढ दिली, आणि पगारवाढ कायमची व्हायला २०२५ उजाडलं. कॅलिफोर्नियात तुरुंगातले कैदीही स्वेच्छेने या पथकांत असतात. त्यांना अनेक वर्षं दिवसाला (तासाला नव्हे) ५.८० ते १०.२४ डॉलर आणि प्रत्यक्ष आगीवर तासाला एक डॉलर जास्त मिळत असे. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस जळत असताना असे हजाराहून अधिक कैदी रेषा काढत होते. त्यानंतर आगीवरच्या कामासाठी तासाला ७.२५ डॉलरचा कायदा झाला. यार्नेलच्या १९ जणांपैकी १३ हंगामी होते. पूर्णवेळ नोकरीतल्या सहा जणांच्या घरच्यांना जे लाभ मिळणार होते ते या तेरा जणांच्या घरच्यांना सुरुवातीला नाकारले गेले. एकाच दरीत, एकाच वेळी गेलेल्यांत ही वर्गवारी.

हे काही नवं नाही. वणव्यात जगभर वापरलं जाणारं एक अवजार आहे, एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कुदळीचं पातं. त्याला पुलास्की म्हणतात, एड पुलास्की या वनरक्षकाच्या नावावरून. ऑगस्ट १९१० मध्ये आयडाहो-मोंटानात दोन दिवसांत ३० लाख एकर जळाले. तेव्हा पुलास्कीने आपल्या चाळीसेक माणसांना एका जुन्या खाणीच्या बोगद्यात घातलं, बाहेर पळू पाहणाऱ्यांना पिस्तूल रोखून अडवलं आणि बहुतेकांना वाचवलं. त्याचे डोळे आणि फुप्फुसं कायमची अधू झाली. उपचाराच्या खर्चासाठी तो सरकारकडे खेटे घालत राहिला, ते पैसे त्याला मिळाले नाहीत.

आपल्याकडे हॉटशॉट नाहीत, पण वणवे आहेत आणि ते विझवणारेही आहेत. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो, तेंदूला आणि गवताला नवी पालवी फुटावी म्हणून माळ पेटवले जातात, कुठे विडीचं थोटूक पडतं. उपग्रहाला आग दिसली की भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा संदेश वनकर्मचाऱ्याच्या मोबाइलवर येतो. पुढचं काम वनरक्षक, वनमजूर आणि हंगामापुरते घेतलेले अग्निरक्षक करतात. सोय असेल तिथे पाला उडवायचं ब्लोअर यंत्र, नसेल तिथे ओल्या फांद्यांनी झोडपणं. पायात बऱ्याचदा साध्या चपला.

८ एप्रिल २०२१ ला गोंदिया जिल्ह्यातल्या नागझिरा अभयारण्यात आग विझवताना तीन मजूर होरपळून गेले. त्याआधी फेब्रुवारी २०२० मध्ये केरळच्या त्रिशूर जिल्ह्यात तीन वन-राखणदार गेले. १३ जून २०२४ ला उत्तराखंडच्या बिनसर अभयारण्यात चौघं जागीच गेले, त्यात एक वन बीट अधिकारी होता आणि एक रोजंदारीवरचा मजूर. चिड पाइनच्या सुईसारख्या वाळल्या पानांचा थर, डोंगरउतार आणि वारा. विल्सनच्या यादीतलं जवळजवळ सगळं तिथे हजर होतं.

या ठिकाणी फायर शेल्टर हवं होतं का, हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. त्याआधी चार स्वस्त गोष्टी येतात: एक टेहळ्या, चालणारा वॉकी-टॉकी, आधी ठरवलेली वाट आणि वारा वळणार असेल तर ते सांगणारा फोन. पण टेहळ्या ठेवायचा म्हणजे झोडपणाऱ्यांतला एक माणूस कमी करायचा, आणि एका नियतक्षेत्रावर, म्हणजे एका वनरक्षकाच्या वाट्याच्या जंगलावर, त्याच्यासोबत मोजकेच हंगामी मजूर असतील तर तो कमी कुठून करणार? त्या मजुरांचं काम जूनमध्ये संपतं. पुढच्या फेब्रुवारीत तेच येतील याची खात्री नसते, म्हणून त्यांना शिकवण्यावर फारसं कोणी खर्च करत नाही.